करडईची फुलं आणि परतीचा झोत

चित्र काही केल्या एका जागी उभं राहीना.

पडद्यावर काहीतरी होतं, एवढं नक्की. पण ते खालून वर पळत होतं, वर जाऊन नाहीसं झालं की पुन्हा खालून उगवत होतं, आणि रंग म्हणाल तर जुन्या फडक्यासारखे इतके विटलेले की कोणता कुठला ते कळेना. लास्याने डोळे बारीक करून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, शेवटी चित्राबरोबर मान वर-खाली करून पाहिली. त्याने तिची मान तेवढी दुखली.

"काय दिसतंय?" खुर्चीत बसलेल्या अक्काने विचारलं.

"अजून काही नाही," लास्या म्हणाली.

सन दोन हजार बावन्नमध्ये मॉनिटर नावाची वस्तू कुणाच्या घरी उरली नव्हती. पडदा म्हणजे भिंतीला लावायचा रंग. लावाल ती भिंत बोलू लागे. पण सोलापूरच्या पूर्व भागात, गड्डमांच्या घरी, मधल्या खोलीतल्या टेबलावर एक अवजड, पाठीमागे फुगलेला, काचेच्या तोंडाचा रंगीत मॉनिटर ठाण मांडून बसला होता. त्याच्यासमोर त्याच्याहून जुने दोन घरगुती संगणक. घरगुती संगणक म्हणजे कळफलकाच्या (बटणांच्या फळीच्या) पोटातच सगळा संगणक कोंबलेला. पडदा ज्याचा त्याने आणायचा. त्यातला एक तातांचा होता. ताता म्हणजे लास्याचे आजोबा. घरात तेलुगू बोलत, आणि तेलुगूत आजोबांना ताता म्हणतात. दुर्बिणींचे कॅमेरे बनवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर जुन्या यंत्रांशी खेळण्यात ते रमले होते. दुसरा संगणक त्यांच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा. हा सगळा खटाटोप त्या दुसऱ्यासाठी चालला होता.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. अक्का शहाऐंशी वर्षांची. काचबिंदूने तिची दृष्टी नेली होती. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळे. पण जीभ शाबूत होती आणि नाकावर माशी बसू द्यायची तिला सवय नव्हती. तर या अक्काने मागच्या महिन्यात सांबारात दोनदा मीठ घातलं, आणि शेजारच्या मुलाला त्याच्या आजोबांच्या नावाने हाक मारली. लास्याच्या बाबांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी घरी आठवणसोबती आणायचं ठरवलं.

आठवणसोबती म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी सांभाळणारा यंत्रमानव. कामाचा होता, यात वाद नाही. औषधं सांगे, नावं सांगे, काल काय झालं ते सांगे. पण त्याच्याबरोबर एक नियम येई. माणसाचं म्हणणं एक आणि सोबत्याचं दुसरं असं झालं, तर दवाखान्यात, बँकेत आणि घरातही सोबत्याचं खरं धरायचं. अक्काला हे अजिबात मंजूर नव्हतं. बाबाही काही दुष्ट नव्हते. त्यांना धास्ती वाटे की एखाद्या दिवशी ती औषध दोनदा घेईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे घरात रोज जेवताना तेच. शेवटी अक्का हट्टाला पेटली.

"माझी शेवटची चादर निळ्या जमिनीची आहे, वर करडईची पिवळी फुलं," ती म्हणाली. "पासष्ट वर्षांत कुणी बघितली नाही. लावा ती पडद्यावर. रंग चुकला तर आणा तुमचा सोबती, मी चकार शब्द काढणार नाही. बरोबर निघाला तर पुन्हा त्याचं नाव घ्यायचं नाही."

तरुणपणी अक्का चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायची. आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून, आणि मग, मालकांना नव्याची हौस म्हणून, संगणकावर. तो संगणक गावातल्याच एका हौशी माणसाने आपल्या मनाने जुळवला होता. पुढे कारखाना बंद पडला आणि मालकांनी तो अक्कालाच देऊन टाकला. करडईची चादर विणायची राहिली, तिची खालची किनार तर काढायचीही राहून गेली. तिची नक्षी एका कॅसेटवर होती, आणि ती कॅसेट वाचायला आजची शहाणी यंत्रं बसवली तर त्यांनी सरळ हात टेकले. जुळवणारा माणूस गेला तशी त्याची पद्धतही त्याच्याबरोबर गेली होती. त्या कॅसेटमधून चित्र काढणारं यंत्र जगात एकच, ते टेबलावर होतं. तातांनी ती नक्षी पाहिली असेल म्हणाल, तर ते तेव्हा शाळकरी होते आणि त्यांना बहिणीच्या चादरीत काडीचाही रस नव्हता.

आता पुन्हा त्या पळणाऱ्या चित्राकडे येऊ.

गंमत अशी की तातांचा संगणक जोडला की त्याच मॉनिटरवर अक्षरं स्वच्छ उभी राहत. म्हणजे मॉनिटर ठणठणीत होता. मग अक्काच्या संगणकाशीच त्याचं का जमेना? लास्याने विचारलं तेव्हा तातांनी उत्तर द्यायच्या ऐवजी तिलाच विचारलं की मागावर चादर कशी विणतात. पूर्व भागातल्या मुलीला हे काय विचारायचं. लास्या सहावीत असली तरी तिने धोटा (आडवा धागा वाहून नेणारी लाकडी होडी) पाहिला होता. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो, एक आडवा धागा पडतो. मग त्याला लागून दुसरा, मग तिसरा. अशा हजारो धाग्यांतून फूल तयार होतं.

ताता म्हणाले, हा पडदाही तसाच विणला जातो, फक्त धाग्याच्या जागी उजेड. काचेच्या नळीच्या मागच्या टोकाला इलेक्ट्रॉनांचा (विजेच्या अतिसूक्ष्म कणांचा) झोत सोडणाऱ्या तीन तोफा असतात. काचेला आतून लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांचा लेप दिलेला असतो. एका तोफेचा झोत फक्त लाल ठिपक्यांवर पडतो, दुसरीचा हिरव्यांवर, तिसरीचा निळ्यांवर. झोत पडला की ठिपका चमकतो. हे तिन्ही झोत मिळून डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतात, झटकन डावीकडे परततात, आणि खालची ओळ काढतात. तळ गाठला की पुन्हा वर. असं सेकंदाला पन्नास वेळा. डोळा बिचारा एवढ्या वेगापुढे काय करणार, त्याला सगळं एकसंध चित्र वाटतं.

"पण धोट्यात आणि झोतात एक फरक आहे," ते पुढे म्हणाले. "धोटा जातानाही धागा टाकतो आणि येतानाही. झोत फक्त जाताना रंगवतो. परतताना संगणक तिन्ही रंग बंद ठेवतो. नाहीतर परतीची रेघ चित्रावर उमटली असती."

राहिला प्रश्न पळण्याचा. झोत फिरवतो मॉनिटर, पण कुठे कोणता रंग हवा ते सांगतो संगणक. दोघांचा ठेका एक नसेल तर सगळाच घोळ. म्हणून संगणक रंगांच्या तीन तारांबरोबर दोन खुणाही पाठवत असतो. एक, ओळ संपली. दुसरी, पान संपलं, आता वर जा. या जुळवून चालण्याला समक्रमण (दोघांनी एकाच ठेक्यात चालणं) म्हणतात. तातांचा संगणक दोन्ही खुणा एकाच तारेत घालून पाठवी, आणि मॉनिटरलाही त्या एकाच तारेत हव्या होत्या. अक्काचा संगणक मात्र त्या दोन वेगळ्या तारांनी पाठवत होता. मॉनिटरला भोक एकच, म्हणून तातांनी त्यातली ओळीची तार तेवढी जोडली होती.

लास्याने जरा विचार केला. मग ती म्हणाली की मॉनिटरला ओळ कुठे संपली ते कळतंय, पान कुठे संपलं ते कळत नाही. तो अंदाजाने वर जातो आणि दर वेळी थोडा चुकतो. म्हणून ओळी सरळ आहेत, पण चित्र पळतं. तातांनी तिच्या हातात पहिल्यांदाच डाग देण्याची (वितळलेल्या धातूने तारा जोडण्याची) तापलेली सळई दिली. शाबासकी देण्याची त्यांची ही पद्धत होती.

दोघांनी मिळून साबणाच्या रिकाम्या डबीत एक जोडणी केली. एका चिपने दोन्ही खुणा एका तारेत गुंफल्या. दुसऱ्या चिपमधून रंगांच्या तिन्ही तारा नेल्या, म्हणजे विटलेल्या रंगांना जरा बळ येईल. चिपा तातांच्या खणातल्याच होत्या, चौदा पायांच्या, दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी.

बाबाही येऊन उभे राहिले. कॅसेट लावली. तिने बराच वेळ कर्कश चिरचिर केली, कारण तिच्यात नक्षी आवाजाच्या रूपात साठवलेली होती. मग पडदा उजळला. या खेपेला चित्र जागचं हललं नाही. पाकळ्या, काटेरी पानं, दोन्ही कडांना पट्टे, सगळं कसं रेखीव. लास्या टाळी वाजवणार होती, पण तिचे हात हवेतच राहिले.

जमीन पिवळी होती. फुलं निळी होती.

"सांग ना," अक्का म्हणाली.

लास्याने सांगितलं. खोटं सांगायचा विचार तिच्या मनात आला होता, पण बाबा तिथेच होते. अक्काचा चेहरा उतरला. मग एकाएकी ताता कपाळावर हात मारून हसले. ही तर चादरीची मागची बाजू, ते म्हणाले. आणि खरंच, बाबांनाही ते लगेच पटलं. सोलापुरी चादर दुहेरी विणीची असते. पुढून लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर मागून पांढऱ्या जमिनीवर लाल. दोन्हीकडून अंथरता येते, म्हणून तर तिचा एवढा बोलबाला. पुढून निळ्यावर पिवळं असेल तर मागून पिवळ्यावर निळंच असणार. अक्काने मागची बाजू काढली असेल आणि ते ती विसरली असेल, एवढंच.

"मी मागची बाजू कधीच काढत नसे," अक्का म्हणाली. "कारखान्यात कुणीच काढत नसे."

बाबा हळू आवाजात म्हणाले की फुलं तर तिने सांगितली तशीच आहेत, पासष्ट वर्षांनी एवढं लक्षात राहणं हेसुद्धा थोडं नाही. आणि बाकीचं लक्षात ठेवायला तर सोबती आहेच. त्यांना तिला दुखवायचं नव्हतं. पण ते ऐकून अक्का जे म्हणाली ते लास्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मग माझंच चुकलं. येऊ दे त्याला. हे इतकं पक्कं आठवत होतं, तेच जर खोटं, तर बाकीचं मी किती खरं धरू?"

बाबा बाहेर गेले. तातांनी खणातली हत्यारं उगाचच आवरायला घेतली. लास्याला फार वाईट वाटलं. अक्काने मॉनिटर बंद कर म्हटलं होतं, पण ती तशीच त्याच्यासमोर बसून राहिली. रागाने बघत राहिली म्हणा ना. त्या निळ्या फुलांत तिला एक तरी चूक सापडायला हवी होती.

आणि रागाने बघता बघता तिला निळ्या पाकळ्यांवर बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या. केसासारख्या बारीक, तिरक्या, खालून वर गेलेल्या. तिने बोटाने काच पुसली. रेघा आतच होत्या. तातांना दाखवल्या तर ते म्हणाले, जुनी नळी आहे, एवढं तेवढं चालायचंच. मग त्यांचा संगणक जोडला तेव्हा या रेघा का नव्हत्या, असं लास्याने विचारलं. ताता हातातला पाना ठेवून जवळ आले.

तिरक्या रेघा, खालून वर. तळापासून वर कोण जातं? झोत जातो, परतताना.

"पण परतताना तिन्ही रंग बंद असतात," लास्या सावकाश म्हणाली. "इथे चालू आहेत. तिन्ही चालू, म्हणून रेघ पांढरी. ताता, संगणकाने बंद म्हणून सांगितलं ते पडद्यावर चालू झालंय. मग चालू म्हणून सांगितलेलं बंद झालं असेल का?"

ताता खाली बसले. त्यांनी खणातून भिंग काढलं आणि तिला पिवळी जमीन जवळून बघायला सांगितली. लास्या चक्रावली. पिवळ्या जमिनीत पिवळा ठिपका औषधालाही नव्हता. होते ते शेजारी शेजारी चमकणारे लाल आणि हिरवे ठिपके. मॉनिटरकडे पिवळा रंग नसतोच, ताता म्हणाले. लाल आणि हिरवा उजेड एकत्र आला की डोळाच त्याला पिवळा म्हणतो. पुढचं लास्याने बोटं मोजून काढलं. पिवळं म्हणजे लाल चालू, हिरवा चालू, निळा बंद. तिन्ही उलटे केले तर लाल बंद, हिरवा बंद, निळा चालू. पिवळ्याचं उलटं निळं, आणि निळ्याचं उलटं पिवळं.

अंदाज झाला, पण शास्त्रात नुसत्या अंदाजावर भागत नाही. तातांचा संगणक सुरू होताच काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवी. त्याच्या रंगांच्या तारा त्यांनी साबणाच्या डबीतून नेल्या. पडदा उजळला तो पांढरा फटक, आणि त्यावर काळी अक्षरं. शंकेला जागाच उरली नाही. डबी रंग उलटवत होती.

तातांनी भिंगातून चिप पाहिली. वरचा आकडा घासून गेला होता. बळ देणारी चिप म्हणून त्यांनी जी लावली, ती उलटवणारी चिप निघाली. बळ तीही देते, पण चालूचं बंद आणि बंदचं चालू करून. दुसऱ्या एखाद्या गावात हे घडलं असतं, तर रंग उलटे आले हो, असं कुणीही तिथल्या तिथे म्हटलं असतं. इथे पडलं चादरवाल्यांचं घर. उलटे रंग बघून त्यांना मागची बाजू आठवली आणि सगळे निर्धास्त झाले. आपलं ज्ञानच कधीकधी असं आडवं येतं. नेमके रंगही असे की उलटले तर एकमेकांच्या जागी जाऊन बसावेत. लाल फुलं असती तर ती आकाशी झाली असती आणि चोरी तेव्हाच पकडली गेली असती.

सरळ चिप घरात नव्हती. मागवली तर दोन दिवस. लास्याला तेवढा धीर कुठला. तिने विचारलं की उलट्याचं पुन्हा उलटं केलं तर? ताता लगेच चिपकडे वळले. त्या चिपमध्ये उलटवणारी सहा दारं होती. तीन रंगांनी तीन वापरली होती, तीन रिकामी पडून होती. प्रत्येक तार एका दारातून काढून दुसऱ्यात घालायची, की दोनदा उलटून सरळ. सळई पुन्हा तापली. या वेळी सगळे डाग लास्याने एकटीने दिले.

बाबांना बोलावलं. कॅसेट पुन्हा चिरचिरली. अक्का खुर्चीतून उठून मॉनिटरच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली होती, जणू तिथून तिला दिसणार होतं.

"निळी जमीन," लास्या म्हणाली. "पिवळी फुलं. रेघ एकही नाही."

ताता बहिणीला म्हणाले, "अक्का, चूक तुझी नव्हती. माझी होती. आणि मी ती तुझ्या नावावर घातली." मग काय झालं ते त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, झोत, परतीची रेघ, उलटी चिप, सगळं. अक्काने ते नीट ऐकून घेतलं. परतीच्या रेघेपाशी तिने त्यांना थांबवून पुन्हा सांगायला लावलं, कारण संगणकावर एवढ्या नक्ष्या काढूनही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने काचेवर हात ठेवला. काच कोमट होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिने पुसलं नाही.

बाबा खजील झाले होते. ते सोबत्याचं काम रद्द करायला निघाले, तेव्हा अक्कानेच त्यांना अडवलं. मीठ दोनदा पडलं होतं हे खरंच आहे, ती म्हणाली, आणि औषधाची भीती तिलाही वाटते. सोबत्याशी तिचं भांडण नव्हतं, त्या नियमाशी होतं. बाबांनी शोधून सांगितलं की दुसऱ्या प्रकारचाही सोबती मिळतो. तो नुसता दृष्टीसोबती, समोर काय आहे ते वाचून सांगणारा. औषधाच्या बाटल्याही वाचतो. माणसापेक्षा त्याचं खरं, असं कुठेही धरत नाहीत, ते फक्त ऐकायचं असतं.

"तो आणा," अक्का म्हणाली. "मला बघायला कुणीतरी हवंच आहे, ही पोर दिवसभर शाळेत असते. पण त्याला बजावून ठेवा. निळं दिसलं तर निळं म्हणायचं, पिवळं दिसलं तर पिवळं. ते पुढून की मागून, हे माझं मी ठरवीन."

मग तिने लास्याला कळफलकासमोर बसवलं. चादरीची खालची किनार पासष्ट वर्षं कोरी राहिली होती. अक्काने डोळे मिटले आणि किनारीच्या पहिल्या ओळीचे रंग डावीकडून सांगायला सुरुवात केली.